कडकडाट, गडगडाट आणि धबधबा

मराठी व्याकरणात ज्यांना अनुकरणवाचक म्हणतात अशा शब्दांचा एक फार मोठा वर्ग आहे. कडकडाट, गडगडाट, दणदणाट, खणखणाट, घणघणाट, कलकलाट हे त्यांतील काही नित्याचे शब्द होत. ज्या ध्वनीचा ते निर्देश करतात त्या ध्वनीची नक्कल करूनच ते तयार झालेले आहेत. व्याकरणाची पुस्तके त्यांची गणना अभ्यस्त शब्दांत करतात आणि बहुधा अर्ध्या पानात त्यांचा निकाल लावतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली प्रसिद्ध झाली, तीत मात्र अशा शब्दांची रेलचेल आहे. त्यांतील बारकावे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मोठा आवाज एवढेच सांगून मराठी माणसाचे समाधान होत नाही. तो आवाज कशाचा, किती अंतरावरून आलेला, एकदाच झालेला की लांबत गेलेला, हेही त्या शब्दात आलेले असते. यांतील बरीचशी माहिती भौतिकशास्त्राच्या कसोटीला उतरते, ही विशेष नवलाची गोष्ट आहे.

ही कसोटी पाहण्यासाठी आपण जबलपूर हे एकच शहर घेऊ. ते आज मध्य प्रदेशात असले तरी मराठी वाचकाला परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले. १८१७ साली इंग्रजांनी ते घेतले. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ हे एकाच प्रांताचे भाग होते व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. शिवाय निसर्गाने व माणसाने निर्माण केलेले जवळजवळ सर्व प्रकारचे प्रचंड आवाज या एका शहराच्या परिसरात एकत्र आलेले आहेत. तेथे नर्मदेचा प्रपात आहे, तोफांचा कारखाना आहे, पावसाळ्यात विजांचे थैमान असते आणि पायाखाली भूकंपाचा पट्टा आहे.

प्रारंभ प्रपातापासून करू. जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी खडकांच्या अरुंद घळईत कोसळते. त्या ठिकाणाला 'धुवांधार' असे नाव आहे. हे नाव आवाजावरून पडलेले नाही, तुषारांच्या धुरासारख्या लोटांवरून पडलेले आहे. ते डोळ्यांनी दिलेले नाव आहे. परंतु मराठीत आपण 'धुवांधार पाऊस' म्हणतो तेव्हा त्यात धुराचा मागमूस राहत नाही. कानठळ्या बसविणारे, आवेगाने कोसळणारे काहीतरी, एवढाच अर्थ उरतो. अलीकडे तर फलंदाजीही धुवांधार असते. याउलट प्रपातासाठी आपला जो नेहमीचा शब्द आहे, 'धबधबा', तो शुद्ध कानाने दिलेला आहे. पाणी उंचावरून पडताना जो धब धब असा नाद होतो तोच त्या वस्तूचे नाव होऊन बसला. नर्मदेचे दुसरे नाव 'रेवा' हे 'उड्या घेत जाणे' अशा अर्थाच्या संस्कृत धातूशी जोडले जाते. म्हणजे एकच प्रवाह कोणी धुराने ओळखला, कोणी उड्यांनी, आणि कोणी आवाजाने.

पाणी आवाज का करते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पाणी खडकावर आपटते म्हणून आवाज होतो, असे कोणीही चटकन म्हणेल. वस्तुतः या गर्जनेचा मोठा भाग हवेच्या बुडबुड्यांचा असतो. कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा खाली खेचते. ती असंख्य बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात कोंडली जाते आणि निर्माण होण्याच्या क्षणी प्रत्येक बुडबुडा एखाद्या लहानशा घंटेसारखा कंप पावतो. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली या कंपनांचे गणित मांडले. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपने करतो व एक सेंटिमीटर त्रिज्येचा सुमारे ३३०. बुडबुडा जितका मोठा तितका स्वर खालचा. झऱ्याची 'खळखळ' आणि प्रपाताची 'धबधब' यांतील फरक समजण्यास हे एक सूत्र बरेच उपयोगी पडते. लहान प्रवाहात बुडबुडे बारीक असतात, म्हणून आपण ख आणि ळ वापरतो. मोठ्या प्रपातात लहानमोठ्या सर्व आकारांच्या बुडबुड्यांचा एकच कल्लोळ असतो आणि पाण्याचे लोटच्या लोट आदळत असतात, म्हणून ध आणि ब ही जड व्यंजने वापरतो.

धुवांधारची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नर्मदेला मोठा पूर आला म्हणजे हा धबधबा अधिक गर्जू लागेल अशी आपली कल्पना असते. घडते ते उलटेच. पुराचे पाणी फार वाढले की धबधबा दिसेनासा होतो. खालची घळई अरुंद असल्यामुळे आलेले पाणी तितक्या वेगाने पुढे सरकू शकत नाही. ते तुंबते, त्याची पातळी चढते आणि ज्या कड्यावरून नदी उडी घेते तो कडाच पाण्याखाली जातो. वरचे पाणी व खालचे पाणी एका पातळीवर आले की उडी संपली. उडी नाही म्हणजे हवा त्या जोराने खाली ओढली जात नाही आणि धबधब्याचा धबधबही राहत नाही. मागे उरतो तो विस्तीर्ण, वेगवान, गढूळ प्रवाह. जबलपूरच्या वरच्या अंगाला बर्गी येथे धरण झाल्यापासून पावसाळ्यात त्याचे दरवाजे किती उघडतात यावरही हे अवलंबून असते. आवाज कमी झाला म्हणजे धोका कमी झाला, हे अनुमान या घाटावर तरी चुकीचे ठरते.

आता विजेकडे वळू. आकाशातील एकाच घटनेसाठी मराठीत दोन शब्द आहेत, कडकडाट आणि गडगडाट, आणि कोणताही जाणता माणूस त्यांची अदलाबदल करीत नाही. वीज कडाडते, मेघ गडगडतात. भाषेने त्यांचे कर्तेही वेगळे मानले आहेत. वास्तविक ढग स्वतः काहीच आवाज करीत नाहीत. दोन्ही ध्वनी विजेचेच आहेत. विजेचा लोळ ज्या मार्गाने जातो तेथील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते. हे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचपट आहे. तापलेली हवा स्फोटासारखी प्रसरण पावते व तिचा आघात आजूबाजूच्या हवेला बसतो. जवळ उभ्या असलेल्या माणसाला हा आघात एकदम, धारदार असा ऐकू येतो. तो कडकडाट होय. परंतु विजेचा मार्ग वेडावाकडा आणि कित्येक किलोमीटर लांबीचा असतो. दूरच्या श्रोत्यापर्यंत त्याच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला आवाज वेगवेगळ्या वेळी पोहोचतो, त्यामुळे एक आघात लांबत जातो. त्यातच उंच स्वर वाटेतील हवेत अधिक शोषले जातात व खालचे स्वर तेवढे शिल्लक राहतात. लांबलेला आणि धार गेलेला हा आवाज म्हणजे गडगडाट. 'क'चा 'ग' होतो तो या अंतरामुळे. विंध्य-सातपुड्याच्या मुलखातील शेतकऱ्याने हे सूत्र कोठे शिकलेले नसते; पण 'वीज कडाडली' असे तो म्हणतो तेव्हा ती जवळच पडली, एवढे ऐकणाऱ्याला कळते.

ज्यांना अधिक नेमकेपणा हवा असेल त्यांच्यासाठी मोजण्याची युक्ती आहे. प्रकाश तत्काळ पोहोचतो. ध्वनीला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. विजेची चमक दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत व त्यांना तीनाने भागावे. सहा सेकंद झाले तर वीज दोन किलोमीटरवर पडली. दहापंधरा किलोमीटरांच्या पलीकडची वीज बहुधा ऐकूच येत नाही. नुसती चमकताना दिसते. पण गडगडाट कानी येत आहे तोवर पुढची वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते, म्हणून झाडाखाली थांबू नये.

तोफांना नावे देताना आपल्या पूर्वजांनी विजेचाच आधार घेतला. झाशीच्या किल्ल्यात आजही 'कडक बिजली' नावाची तोफ दाखविली जाते. विष्णुभट गोडसे यांनी त्या नगराचा वेढा आत राहून अनुभवला व त्याचा वृत्तांत लिहून ठेवला. तो 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाला. विजापूरची 'मुलुखमैदान' तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन भरते. तिच्यावरून धडाडीच्या वक्त्याला मराठीत अजूनही मुलुखमैदान तोफ म्हणतात. 'तोफ' हा शब्द मूळ तुर्की. इंग्रजीतील 'गन' या शब्दाचा उगम तर एका स्त्रीच्या नावात शोधला जातो. विंडसर किल्ल्यातील १३३०च्या सुमारासच्या शस्त्रांच्या यादीत गुनिल्डा नामक एका यंत्राची नोंद आहे. 'बॉम्ब' हा शब्द मात्र खरा अनुकरणवाचक आहे. गुणगुण, घुमणारा नाद अशा अर्थाच्या एका ग्रीक शब्दापर्यंत त्याचा माग लागतो. आपली शिमग्यातील 'बोंब' त्याच्याशी कितीही जुळत असली तरी ती स्वतंत्र आहे. ओठ मिटून उघडले की जगात कोठेही ब आणि म हेच निघणार. असे साम्य कित्येकदा फसवे असते. लोहाराचा 'घण' हा घणघणाटावरून पडलेला शब्द वाटतो, परंतु तो संस्कृत 'घन' या शब्दापासून आलेला आहे आणि त्या शब्दात घट्टपणाची कल्पना आहे.

तोफेच्या आवाजाचा जबलपूरला एक जुना आणि कटू अनुभव आहे. गढा-मंडला येथील गोंड राजघराण्याचे वंशज राजा शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना इंग्रजांविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १८५७च्या सप्टेंबरात पकडण्यात आले. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यांत देवीला शत्रूचा संहार करण्याची विनवणी करणारे एक काव्य होते. १८ सप्टेंबर १८५७ रोजी पितापुत्रांना तोफांच्या तोंडी बांधून उडवून देण्यात आले. फाशीचा दोर किंवा बंदुकीची गोळी इंग्रजांजवळ नव्हती असे नाही. देहाची चाळण होऊन अंत्यविधीही धड होऊ नये, आणि बाराचा आवाज साऱ्या छावणीने व शहराने ऐकावा, हा या शिक्षेचा उद्देश होता. आवाज हाच येथे हुकूमनामा होता. परिणाम मात्र सत्ताधाऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणे झाला नाही. त्याच रात्री जबलपूरची ५२वी देशी पलटण छावणी सोडून निघून गेली व बंडवाल्यांना मिळाली. 'तोफेच्या तोंडी देणे' हा वाक्प्रचार आज आपण एखाद्या कनिष्ठ कारकुनाला साहेबापुढे पुढे करण्यासाठी वापरतो, तेव्हा त्यामागे ही खरीखुरी शिक्षा होती याचे स्मरण फारसे कोणाला राहत नाही.

त्याच शहरात १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर हे उद्योग वाढत गेले. २०२१च्या ऑक्टोबरात देशातील सर्व आयुधनिर्माणी कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागण्यात आले. तोफगाड्यांच्या कारखान्यात तयार झालेल्या १५५ मिलिमीटर तोफेला 'धनुष' हे नाव दिलेले आहे. तिच्या पहिल्या सहा तोफा ८ एप्रिल २०१९ रोजी लष्कराच्या स्वाधीन झाल्या. ती सुमारे ३८ किलोमीटरपर्यंत मारा करते. नाव योजणाऱ्यांनी विजेऐवजी धनुष्य निवडले, यात एक गंमत आहे. पुराणांतील वीरांच्या धनुष्याचा 'टणत्कार' होई आणि त्याने शत्रूची छाती दडपे, असे वर्णन असते. पण ताणलेल्या दोरीचा तो स्वर आणि तोफेचा 'धडाड' यांत मूलभूत भेद आहे. दोरी कंप पावत राहते, म्हणून 'टणत्कार' या शब्दात 'ण' घुमतो. तोफेत काहीच कंप पावत नाही. नळीतून कोंडलेले वायू एकाएकी सुटतात, हवेला एकच धक्का बसतो आणि तो विरतो. 'धडाड' शब्द म्हणूनच 'ड'वर थांबतो. गोळा ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाने नळीबाहेर पडतो, त्यामुळे समोरच्या बाजूला आरंभीच्या टप्प्यात तरी गोळा आधी व बार मागाहून असा क्रम लागतो.

खमरियाच्या कारखान्यात होणारा आवाज नेहमीच चाचणीचा असतो असे नाही. २०१७च्या मार्चमध्ये तेथे आग लागून स्फोटांची मालिका झाली व सारे शहर हादरले. २०२४च्या ऑक्टोबरातील स्फोटात दोन कामगारांचा बळी गेला. अशा वेळी लोक 'आवाज झाला' असे म्हणत नाहीत, 'दणका बसला' असे म्हणतात. ही भाषाही अचूक आहे. स्फोटाची लाट कानाला कळते त्याहून अधिक छातीला आणि खिडकीच्या तावदानाला कळते.

जमिनीतून येणारा आवाज याहून वेगळा. २२ मे १९९७ रोजी पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास जबलपूर परिसरात ५.८ प्रतीचा भूकंप झाला. त्यात चाळीसच्या आसपास माणसे दगावली व हजारो घरांची पडझड झाली. मदनमहालाच्या टेकडीवर एका खडकावर जेमतेम टेकलेला जो प्रसिद्ध तोल सांभाळणारा दगड आहे, तो मात्र जागचा हलला नाही. भूकंपात लोकांना हादऱ्याच्या आधी घरघर किंवा गडगड ऐकू येते. तिचे कारण असे की, भूकंपाच्या लहरी दोन जातींच्या असतात. पहिली जात वेगाने धावते व ध्वनीप्रमाणेच दाबाची असते. तिचा काही अंश जमिनीतून हवेत शिरतो आणि कानाला कळतो. भिंती पाडणारी दुसरी जात मागाहून येते. जबलपूरच्या भूकंपाचे केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होते, म्हणून दोहोंमध्ये सुमारे चार सेकंदांचे अंतर पडले असले पाहिजे. खाटेवरून उठून दाराशी पोहोचण्यास कदाचित तेवढे पुरेल. लातूर जिल्ह्यातील किल्लारीला तेवढाही अवकाश मिळाला नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपाचे केंद्र दहा किलोमीटरांपेक्षाही कमी खोलीवर होते. तेथे आवाज आणि हादरा यांत जेमतेम एका सेकंदाचे अंतर असणार. दगड-मातीच्या जड घरांखाली सुमारे आठ हजार माणसे गेली. या भागातील लोकांनी १९९२ सालीच बारीक धक्के अनुभवले होते आणि जमिनीखालून येणारे आवाजही ऐकले होते.

ज्ञात इतिहासातील सर्वांत दूरवर ऐकू गेलेला आवाज क्राकाटोआ ज्वालामुखीचा होय. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातील हे बेट फुटले आणि सुमारे ४,८०० किलोमीटर दूर, हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटावर तो आवाज चार तासांनी पोहोचला. तेथील पोलीस अधिकाऱ्याला वाटले, पूर्वेकडे कोठेतरी जड तोफा डागल्या जात आहेत. मोठ्या आवाजाला उपमा शोधायची झाली की माणसाला तोफच आठवते. याउलट ज्या घटनेला जगातील सर्वांत मोठ्या दणक्याचे नाव मिळाले, तिला आवाज मुळीच नव्हता, निदान ऐकणारा तरी कोणी नव्हता. विश्वाच्या उत्पत्तीसंबंधीच्या सिद्धांताला 'बिग बँग' हे नाव फ्रेड हॉईल यांनी १९४९ साली एका रेडिओ भाषणात दिले. त्यांना स्वतःला तो सिद्धांत मान्य नव्हता, आणि त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनाही तो शेवटपर्यंत पटला नाही. मराठीने त्याचे भाषांतर 'महास्फोट' असे गंभीर केले. मुळातला 'बँग' हा आपल्या 'धडाम'चा सख्खा भाऊ आहे, ते खट्याळपण त्यात राहिले नाही.

आवाजाची तीव्रता मोजण्याचे एकक 'डेसिबल' हे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून आले आहे. त्याची मोजपट्टी साध्या बेरजेची नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते व वीस वाढले म्हणजे शंभरपट. घरात चाललेले संभाषण साठच्या आसपास असते. मोठी तोफ उडते तेव्हा तिच्या चालकांच्या कानाशी क्षणभर १७० डेसिबलहून अधिक दाब येतो. भारतातील कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरलेली आहे. पुढे प्रत्येक पाच डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ९५ला चार तास, १००ला दोन. निवासी वस्तीसाठी २०००च्या नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरविले. उत्सवाच्या मंडपाशेजारी राहणाऱ्याला हे आकडे वाचून हसू आल्यास नवल नाही. 'नगाऱ्याची घाई, तिथे टिमकीचे काय' ही म्हण त्याचीच वेदना सांगते. मोठा ध्वनी लहान ध्वनीला झाकून टाकतो, एवढेच ध्वनिशास्त्रही सांगते.

नगारा थांबल्यावर टिमकी पुन्हा ऐकू येते. कारखान्यात वर्षानुवर्षे काम केलेल्याच्या बाबतीत तसे होत नाही. आपल्या प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. अतितीव्र आवाजाने त्या मरतात आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. प्रथम बळी पडतात त्या उंच स्वर टिपणाऱ्या, सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपासच्या पेशी. त्यामुळे असा माणूस बहिरा झाला हे प्रथम कोणालाच कळत नाही, त्याला स्वतःलाही नाही. त्याला स्वर ऐकू येतात. ग, ड, द, ब ही घोष व्यंजने ऐकू येतात. निसटू लागतात ती स, श, फ, त, क यांसारखी अघोष व्यंजने. तो म्हणतो, 'लोक हल्ली पुटपुटतात.' दूरच्या मेघांची गडगड त्याला पूर्वीइतकीच स्पष्ट कळते, शेजारून ट्रक गेला तर तोही कळतो. नाण्याची खणखण, रातकिड्यांची किरकिर आणि नातवंडांची कुजबुज यांतली अक्षरे मात्र एकेक करून गळत जातात.